साखरवाल्यांचं पाणी

प्राणिघराची माझी किल्ली पर्समध्ये होती आणि मी फाटकाबाहेर उभी होते. फाटकावर लाल झेंडे, आत माझे उंदीर आणि मधे संप.

आणीबाणी उठल्यानंतरचे ते दिवस. पिंपरी, चिंचवड, भोसरी, सगळीकडे तीच तऱ्हा. आज या कंपनीचा भोंगा बंद, तर उद्या त्या कंपनीचा. लोकांना त्याचं नवल राहिलं नव्हतं. मलाही नव्हतं, पण ते संप दुसऱ्यांच्या फाटकावर होते तोवर.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होते. संस्थेकडे प्राणी ठेवायला धड जागा नव्हती, म्हणून पिंपरीच्या एका औषध कारखान्याच्या प्राणिघरात आम्हाला मांडण्या दिल्या होत्या. त्याच खोल्यांत कारखान्याच्या तपासणी विभागाचे उंदीर असत. औषधाची नवी खेप बाहेर पडण्याआधी ती त्यांना टोचून बघत. पलीकडे एका कॉलेजचे ससे. तीन संसार एका छपराखाली म्हटल्यावर भांडणं आलीच. माझा भुसा कोणी नेला, पंख्याचं तोंड कोणी फिरवलं, सशांच्या पाल्याची घाण माझ्या दारात का. यात मी कधी मागे राहिले नाही. माझ्या पाठीमागे मला तिथे ‘तिखट बाई’ म्हणत. ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

माझे उंदीर मधुमेही होते. एक औषध टोचून त्यांच्या शरीरातलं इन्सुलिन जवळजवळ बंद केलेलं. निम्म्यांना जांभळाच्या बियांचा अर्क द्यायचा, निम्म्यांना नाही, आणि कोणाची साखर किती उतरते ते महिनोन्‌महिने बघायचं. गावोगावचे वैद्य जांभळाच्या बिया देत आलेच होते. त्यात खरंच काही आहे की नुसताच विश्वास, एवढंच मला हवं होतं. हा आजार मी मुद्दाम निवडला होता. माझी धाकटी बहीण लहानपणी याच आजाराने गेली. ऑफिसात हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक हळहळतात, आणि हळहळणाऱ्या माणसांपुढे मला काय करावं कळत नाही.

प्राणिघर सांभाळायला एक वयस्कर कामगार होते. पिंपळे गुरवचे, मूळ गावचेच. सायकलवर येत. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणे. कारखान्याच्या उंदरांना ते ‘कंपनीवाले’ म्हणायचे आणि माझ्यांना ‘साखरवाले’. साखरवाल्यांकडे मात्र मी त्यांना फारसं फिरकू देत नसे. त्यांचं खाणं-पाणी मी स्वतः बघे, कारण त्यांच्या पाण्याचाच सगळा प्रश्न होता. मधुमेहात रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर पडते आणि जाताना अंगातलं पाणी ओढून नेते. साधा उंदीर जेवढं पाणी पितो त्याच्या कितीतरी पट माझा एकेक उंदीर प्यायचा. पिंजऱ्यावर उलट्या टांगलेल्या बाटल्या सकाळी भराव्यात तर संध्याकाळी रिकाम्या. त्या बाटल्यांच्या काचेच्या नळ्यांना जिभा लागून सारखी टिकटिक चाललेली असे. पिंजरे कायम ओले. आणि त्या गोड ओलीला मुंग्या लागायच्या, म्हणून मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत.

संप झाला तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. बुधवारी रात्रपाळी सुटली, गुरुवारी आमच्या औद्योगिक पट्ट्याची आठवड्याची सुट्टी, आणि शुक्रवारी मी गेले तर फाटकावर मांडव.

अधिकाऱ्यांपैकी कोणी आत जायचं नाही, असं युनियनने ठरवलं होतं. उंदरांसाठी मात्र एक सवलत होती. रोज सकाळी एकदा मामांनी आत जायचं, सगळ्यांना खाणं-पाणी घालायचं आणि बाहेर यायचं. ही काही भूतदया नव्हती. संप मिटला की तयार औषध उंदरांवर तपासल्याशिवाय बाहेर पडणार नव्हतं. उंदीर मेले तर कारखाना सुरू होऊनही अडून बसणार, हे कामगारांना कळत होतं.

“मी कंपनीची नाही,” मी युनियनच्या सेक्रेटरीला म्हणाले. “मी बाहेरच्या संस्थेची आहे.”

सेक्रेटरी बीडकडचा, तरुण, अंगाने किरकोळ. आवाज मात्र मोठा. त्याने माझ्या पासाकडे बोट दाखवलं. “पास तर कंपनीचाच हाय की, बाई. आज तुम्ही उंदरं बघाया गेल्या, उद्या मॅनेजर म्हणतील आम्हालाबी उंदरांची लई आठवण यायलीय.”

आजूबाजूची माणसं हसली. मला हसू आलं नाही.

म्हणून मग मी फाटकाशी उभी राहून मामांना सूचना देऊ लागले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. माझ्या उंदरांना एकेक नाही, दोन-दोन बाटल्या लावा. काठोकाठ भरा. नळी पिंजऱ्यात नीट उतरली का बघा. मामा मान डोलवायचे, “व्हय बाई, व्हय” म्हणायचे आणि बादली घेऊन आत जायचे. ते बाहेर येईपर्यंत मी समोरच्या चहाच्या टपरीपाशी उन्हात उभी. आले की विचारायचं, “प्याले का?”

“पितात की. लई पितात. पर बाई, समदं वलंच वलं करून ठिवतात. भुसा संपत आलाय. वास मारतोय नुसता.”

“असू दे वास,” मी म्हणायची. “पाणी कमी पडू देऊ नका.”

चिंचवड गावात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. वडील वारल्यापासून आई आणि मी दोघीच. आईला माझ्या कामात फारसं स्वारस्य नव्हतं. उंदीर म्हटलं की ती नाक मुरडायची आणि मला अंगणातच हातपाय धुवायला लावायची. पण संप झाल्यापासून मी दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न तिचा, “मिळालं का पाणी त्यांना?” एकदा मी तिला मामांची तक्रार सांगितली. ओलं फार करतात, मामा कंटाळलेत, भुसाही संपत आलाय. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. “मग?” ती म्हणाली. मी म्हटलं, “मग काय, संप मिटेपर्यंत सोसायचं.” तिने तांदूळ तसेच बाजूला सारले. त्या संध्याकाळी ती जेवलीही नाही, पोट बरं नाही म्हणाली.

आईची एक सवय इथे सांगायला हवी. दिवेलागणीला ती न चुकता माझ्या उशाशी पाण्याने भरलेला तांब्या आणि वर भांडं ठेवायची. मला रात्री पाणी लागत नाही. मी कधीच प्यायले नाही. सकाळी ती ते पाणी तुळशीला घालायची आणि संध्याकाळी पुन्हा भरून ठेवायची. प्रवासालाही ती तसंच करायची, कोणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी यजमानीणबाईंकडे तांब्या मागायची. “तुझी तुळस माझ्यामुळे जगली,” असं मी तिला चिडवायची. जुन्या बायकांच्या असतात तशा सवयी, यापलीकडे मी विचार केला नव्हता.

मामांची तक्रार आईला सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा प्राणिघरातून नेहमीपेक्षा लवकर बाहेर आले. चांगले हसत होते. फाटकाच्या गजांशी येऊन मला म्हणाले, “बाई, आता काळजी न्हाई. समदं कोरडं हाय बघा.”

“कोरडं?”

“पानी तोडलं. कालपासनं चमचाभरच घालतोय साखरवाल्यांस्नी. भुसा कसा खडखडीत राह्यलाय. वासबी न्हाई. समदे कसे गप निजलेत.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी गज धरून ओरडायला लागले. काय ओरडले ते धड आठवत नाही. तुम्हाला सांगितलं होतं, कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला, मरतील ते, मेले असतील. मांडवातली माणसं उठून बघायला लागली. मामांचं हसू गेलं. हातातली बादली त्यांनी खाली ठेवली.

“न्हाई वो बाई,” ते म्हणाले. “वाईट म्हनून न्हाई केलं. पोरगं हातरून वलं करतंय म्हनल्यावर घरात काय करतात? सांजच्याला त्याचं पानी तोडतात. आमच्या घरात समद्या पोरांचं तसंच केलं. पोरं चांगली झाली की. मी तेच केलं.”

मी गज सोडले. हेच्या हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. नगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावात, आमच्याच स्वयंपाकघरात, आईच्या तोंडून.

बहीण तेव्हा शाळेत नुकती रमली होती. धडधाकट मुलगी, आणि एकाएकी वाळायला लागली. घागरीपाशी बसून पाणी प्यायची आणि अंथरूण ओलं करायची. एवढी मोठी मुलगी अंथरूण ओलं करते म्हणून शेजारणींनी आईला सल्ला दिला, संध्याकाळनंतर तिला पाणी देऊ नका. कोणी म्हणालं जंत झालेत, कोणी म्हणालं नजर लागलीय, पण पाण्याबद्दल सगळ्यांचं एकमत. आईने संध्याकाळी माठ ठेवायच्या खोलीला कडी घालायला सुरुवात केली. ओल्या गोधडीला मुंग्या लागायच्या, तेही आईने पाहिलं होतं. त्या का लागतात ते कोणाला सुचलं नाही. एकदा बहीण न्हाणीत सापडली, घंगाळ्यातलं पाय धुतलेलं पाणी ओंजळीने पीत होती. आईने तिला मारलं. मग एका सकाळी ती उठेचना. श्वास जोरजोरात चालला होता आणि त्याला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. वडिलांनी तिला नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पण तोवर फार उशीर झाला होता.

पुढे मी शिकले, आणि शिकता शिकता पाण्याचं मला पुस्तकातून कळलं. शरीर कोरडं पडत असताना आपण माठाला कडी घातली होती. ते वाचून मी पुस्तक मिटलं होतं आणि ठरवलं होतं, आईला हे कधीही कळू द्यायचं नाही. कामाबद्दल ती काही विचारायला लागली की मी विषय बदलायची.

“मामा,” मी म्हणाले. “माझ्या धाकट्या बहिणीचं पाणी असंच तोडलं होतं घरच्यांनी. तिला हाच आजार होता. ती गेली.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि वळून थेट मांडवात गेले. मी गजाशी उभी. त्यांचं आणि सेक्रेटरीचं बोलणं मला तुटक ऐकू येत होतं.

“बाईंना आत नेतो.”

“मामा, ठरलंय ना आपलं?”

“ठरलंय. पर मग मी बी जात न्हाई. कंपनीवाल्यांस्नी तूच पानी घाल.”

“आता तुम्हीबी आमच्यावरच संप करायले का?”

“व्हय.”

मामा मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसले आणि त्यांनी बादली उलटी घातली. सेक्रेटरी चिडला होता, ते दिसतच होतं. त्याच्याभोवती माणसं जमली. एक जण म्हणाला जाऊ द्या, दुसरा म्हणाला एकीला सोडलं की फळी फुटली. माझ्या डोळ्यांपुढे आतले उंदीर होते. त्यांच्या जिभा कोरड्या नळीला लागताहेत असं वाटत होतं. ऊन मी म्हणत होतं. शेवटी सेक्रेटरी फाटकाशी आला. रागाने नव्हे, थकल्या माणसासारखा बोलला.

“पास इथं द्या. पर्स इथं ठेवा. कामगार म्हणून मामासंगं बादली उचलून जायचं. ऑफिसाकडं बघायचंबी नाही.”

मी किल्ली तेवढी काढून घेतली, बाकी सगळं त्याच्या हातात दिलं आणि पदर खोचून बादली उचलली. मांडवापासून प्राणिघरापर्यंतचा तो रस्ता मी रोज चालायची, पण त्या दिवशी तो संपता संपेना. मागून कोणीतरी ओरडलं, “फितूर!” मामांनी मागे न बघता मोठ्याने उत्तर दिलं, “उंदरं हायती रं, सायेब न्हाई!” त्यावर कोणीतरी हसलं आणि तेवढ्यावर निभावलं.

दार उघडलं. पहिल्यांदा मला जाणवली ती शांतता. कंपनीवाले खुडबुडत होते, पण माझ्या मांडण्यांवर काही आवाज नव्हता. मांडणीच्या पायाखालच्या वाट्या सुकल्या होत्या आणि मुंग्यांच्या रांगा वर चढल्या होत्या. पिंजऱ्यांतला भुसा खरंच खडखडीत होता. वास नव्हता. मामा सांगत होते तसंच सगळं स्वच्छ.

पहिल्या पिंजऱ्यातले मेले होते. दुसऱ्यातलेही. तिसऱ्यात एक जण कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, केस पिंजारलेले, डोळे आत गेलेले. मी बाटली भरून टांगली. तो हलला नाही. मी नळीचं टोक त्याच्या तोंडाशी नेलं, एक थेंब ओठावर सोडला. जरा वेळाने जीभ बाहेर आली. मग त्याने नळी पुढच्या दोन्ही पायांनी धरली आणि प्यायला लागला. टिकटिक सुरू झाली. मी रडले तेव्हा. लपवून नव्हे, मामांच्या देखत.

आम्ही दोघांनी मिळून सगळे पिंजरे केले. मामा पाणी भरत होते, मी टांगत होते. मेलेले वेगळे काढत होतो. बरेच मेले होते. मामा एकदाच बोलले, “कोरडं दिसलं म्हनून मला बरं वाटलं हुतं वो बाई.” मी म्हणाले, “माहीत आहे मला.” मघाशी त्यांच्यावर ओरडले त्याबद्दल आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. जमलं नाही.

त्या दिवसापासून सेक्रेटरीने मला मामांबरोबर सोडायला सुरुवात केली, बादलीसकट. पण अर्धे उंदीर गेल्यावर आणि उरलेल्यांचे हाल झाल्यावर त्या आकड्यांना काही अर्थ राहिला नव्हता. जांभळाच्या बियांचं काम मला पुढे पहिल्यापासून करावं लागलं. ते नंतरचं.

त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. आई दारातच होती.

“मिळालं का पाणी?”

“हो,” मी म्हणाले. “आज मी स्वतः घातलं.”

तिने आत जाऊन तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. मी तसाच ठेवून दिला. ती समोर बसली.

“मग चेहरा असा का?”

“काही मेले.”

“कशानं?”

सकाळी अख्ख्या मांडवापुढे ओरडणारी मी आईपुढे खाली बघू लागले. “उन्हानं,” मी म्हणाले.

“खोटं बोलताना लहानपणापासून पदर पिळतेस तू,” आई म्हणाली. “आधी फ्रॉक पिळायचीस. ओलं करतात म्हणून पाणी तोडलं ना त्यांनी? काल तू बोललीस तेव्हाच माझ्या मनात आलं होतं.”

मी पदर सोडला. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“नगरच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं,” आई म्हणाली, “पाणी किती पिते म्हणून. मी सांगितलं, आम्ही बंद केलंय. त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. तेव्हाच कळलं मला.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू मला सांगितलंस?” आईचा आवाज क्षणभर चढला. मग उतरला. “मला वाटायचं, तुला कळलं तर तू मला आई म्हणणार नाहीस.”

मला तिचा हात धरायचा होता. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती.

“एक विचारते,” ती म्हणाली. “तू शिकलेली आहेस, खरं सांग. पाणी दिलं असतं तर राहिली असती का ती?”

“नाही,” मी म्हणाले. या वेळी मला पदर पिळावा लागला नाही, कारण हे खरं होतं. “इन्सुलिनशिवाय नसती राहिली. पाण्याने फार तर थोडे दिवस मिळाले असते.”

आईने मान हलवली. जमिनीवरचा एक दाणा उचलून तिने बाजूला ठेवला.

“दिवसांचं जाऊ दे,” ती म्हणाली. “तहानलेली तरी गेली नसती.”

मी तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. तो रिकामा होईपर्यंत आई माझ्याकडे बघत राहिली.